अपघातानंतरचा धसका आणि न थांबणारं दुखणं: दोन्हींवर एकत्र इलाज कसा करायचा

सातारा जिल्ह्यात हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. उपचाराच्या कॉटजवळची खिडकी रस्त्याकडे उघडते. काही वर्षांपूर्वी पस्तिशीतला एक दूधवाला माझ्याकडे यायचा. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) पहाटे किटल्या घेऊन जाताना टेम्पोनं त्याच्या गाडीला मागून धडक दिली होती. हाड कुठलंच मोडलं नव्हतं. पण चौदा महिने झाले तरी मान वळत नव्हती, आणि उजव्या खांद्यापासून कानामागपर्यंत ठणका असायचा. एमआरआयच्या रिपोर्टवर ‘गॅप’ होती. शेक झाला, ट्रॅक्शन झालं, पट्टा लावून झाला.

एके दिवशी मान मोकळी करून मी हात काढणार, एवढ्यात बाहेर एका ट्रकचा एअरब्रेक फुस्सकन सुटला. माझ्या बोटांखालचा स्नायू एका क्षणात दोरीसारखा ताठ झाला आणि खांदा कानाला जाऊन टेकला. त्याला स्वतःला काहीच कळलं नव्हतं. “ताई, परत कळ आली बघा,” एवढंच तो म्हणाला. त्या दिवशी मी पहिल्यांदा विचारलं, “झोप कशी लागते?” उत्तर त्याच्या बायकोनं दिलं: “झोपेत हँडल धरल्यागत मुठी आवळतात. ओरडत उठतात.”

चार महिने मी फक्त मानेवर काम करत होते. ती माझी चूक होती. ती दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हा लेख लिहिते आहे. अपघात, भाजणं, मारहाण, इमारत कोसळणं अशा प्रसंगातून वाचलेल्या आणि नंतर दुखण्यात अडकलेल्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी तो आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. तुमचं दुखणं खरं आहे. ‘मनाचं’ म्हणून कुणी ते उडवून लावलं असेल, तर ते चुकीचं होतं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या जागतिक संघटनेनं २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्यानुसार वेदना हा एकाच वेळी शरीराचा आणि भावनेचा अनुभव असतो. इजा दिसत नाही म्हणून वेदना नाही, असं त्या व्याख्येप्रमाणे म्हणताच येत नाही.

पहिली पायरी: आधी धोक्याची लक्षणं तपासा

लघवी किंवा संडासवरचा ताबा जाणं, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा, हातापायातली ताकद दिवसेंदिवस कमी होत जाणं, दुखण्यासोबत ताप किंवा कारण नसताना वजन उतरणं, डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारी डोकेदुखी आणि उलट्या. यातलं एकही असेल तर लेख बाजूला ठेवा आणि आजच दवाखाना गाठा. जगणं नकोसं वाटत असेल, तरीही तेच करा.

यातलं काही नसेल आणि तपासण्या होऊन गेल्या असतील, तर पुन्हा पुन्हा एमआरआय काढण्यात अर्थ नाही. ‘गॅप’ या शब्दानं आपल्याकडे माणसं फार घाबरतात. जपानमध्ये १,२११ जणांच्या मानेचे एमआरआय काढले गेले. त्यांच्यापैकी कुणालाही मानेचा त्रास नव्हता, तरी सुमारे ८८ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या थोड्याफार बाहेर आलेल्या दिसल्या. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. रिपोर्टमधली ओळ आणि तुमचा ठणका यांचा संबंध असेल किंवा नसेलही. तो डॉक्टरांना तपासून सांगू द्या.

दुसरी पायरी: दोन मुदती आणि पाच प्रश्न

दुखणं तीन महिन्यांहून जास्त टिकलं की ते जुनाट धरतात. आघातानंतरची मानसिक लक्षणं एक महिन्याच्या पुढे राहिली आणि रोजच्या जगण्यात अडथळा आणू लागली, तर पीटीएसडीचा, म्हणजे आघातानंतर जडणाऱ्या मानसिक ताणाच्या आजाराचा, विचार करतात. १९८० साली अमेरिकन मनोविकार संघटनेनं हे नाव अधिकृतपणे स्वीकारलं. तोवर ते सैनिकांच्या संदर्भात वेगवेगळ्या नावांनी ओळखलं जायचं. मराठीत मात्र ‘धसका घेतला’ हे कधीपासूनच म्हणतात, आणि हा शब्द मला फार नेमका वाटतो. धसका माणूस ‘घेतो’, आणि तो अंगात बसतो.

गेल्या महिनाभरात असं झालं का, हे शांतपणे स्वतःला विचारा:

– त्या प्रसंगाची स्वप्नं पडली, किंवा नको असताना तो डोळ्यांसमोर आला?
– त्याचा विचार किंवा आठवण करून देणारी जागा, माणसं, वाहनं टाळण्यासाठी आटापिटा केला?
– सतत सावध राहिलात, किंवा साध्या आवाजानं दचकलात?
– माणसांपासून, कामापासून, आजूबाजूच्या जगापासून तुटल्यासारखं, बधिर वाटलं?
– जे झालं त्याबद्दल स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देणं थांबवता आलं नाही?

जगभर प्राथमिक चाचणीसाठी साधारण असेच पाच प्रश्न वापरतात. तीन किंवा जास्त उत्तरं ‘हो’ असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडून नीट तपासून घ्या. एवढ्यावरून निदान होत नाही, पण कुठल्या दारात जायचं ते कळतं.

आपल्याकडे बहुतेकजण हे प्रश्न ऐकून म्हणतात, “तसं काही नाही, फक्त मान दुखते.” भीती वाटते हे सांगायची लाज वाटते, पुरुषांना जरा जास्तच. म्हणून मी ‘भीती वाटते का’ असं विचारायचं सोडून दिलं. ‘गाडीवर मागे बसलात तर पाय कुठे दाबता?’ असं विचारते. ब्रेक नसलेल्या जागी पाय दाबून दाबून पोटऱ्या दुखणारी कितीतरी माणसं मला भेटली आहेत.

तिसरी पायरी: दोन आठवडे वही ठेवा

शंभर पानी साधी वही पुरे. दिवसातून तीनदा, दोन-तीन ओळी. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, त्याच्या जरा आधी काय चाललं होतं, अंगात काय झालं, मनात कोणतं वाक्य आलं आणि त्यानंतर काय करायचं टाळलं. दूधवाल्याच्या वहीतलं एक पान त्याच्या परवानगीनं देते:

‘सकाळी ६. दुखणं ४. डेअरीवर गेलो. मागून टेम्पो आला. हॉर्न. छातीत धडधड, दात आवळले. वाटलं, आता लागणार. दुखणं ८. किटली भावाला दिली, घरी आलो.’

चार ते आठ, आणि मध्ये ना वजन उचललं, ना मान वळवली. मध्ये फक्त हॉर्न होता. दुखणं ‘असंच, कधीही’ येत नाही, त्याला वाट आहे, हे स्वतःच्या अक्षरात वाचल्यावर माणूस जितका सावरतो, तितका माझ्या समजावण्यानं कधीच सावरत नाही. वही दोनच आठवडे ठेवायची. त्यापुढे रोज दुखणं मोजत बसलात, तर लक्ष दुखण्यावरच खिळतं.

चौथी पायरी: चक्र समजून घ्या

ऑस्ट्रेलियातल्या टिमोथी शार्प आणि ॲलिसन हार्वी या मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली एक मांडणी केली: जुनाट वेदना आणि पीटीएसडी एकमेकांना धरून ठेवतात. त्यांनी याचे सात मार्ग सांगितले होते. मला क्लिनिकमध्ये रोज दिसतात ते एवढे:

दुखणं हीच आठवण होते. मान दुखली की टेम्पो आठवतो. अपघाताची जागा टाळता येते, स्वतःची मान कशी टाळणार? आठवण आली की शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीला लागतं. नाडी वाढते, स्नायू आवळतात, आणि आधीच दुखावलेला भाग अजून दुखतो. लक्ष सतत धोका शोधत राहतं, त्यामुळे बारीकशी चमकसुद्धा मोठी जाणवते. झोप मोडते, आणि अपुऱ्या झोपेनं दुसऱ्या दिवशी वेदना जास्त बोचते. मग माणूस हालचाल टाळतो. स्नायू कमजोर होतात. थोडं काम केलं तरी दुखतं, आणि ‘बघा, मी म्हणत होतो’ म्हणून भीती आणखी पक्की होते. हा शेवटचा भाग योहान व्लायन आणि स्टीव्हन लिंटन यांनी २००० साली ‘भीती आणि टाळाटाळ’ यांच्या चक्राच्या रूपात मांडला. पाठदुखीवरच्या संशोधनात आज तो पायाचा दगड मानतात.

शरीरात हे कसं घडतं? रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली सिद्धांत मांडला की मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना जणू एक फाटक असतं, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेश ते उघडू किंवा मिटू शकतात. धोका आहे असं मेंदूला वाटत राहिलं की फाटक सताड उघडं राहतं. इजा भरून येते, पण गजर वाजत राहतो.

म्हणून ‘आधी मान बरी करू, भीतीचं नंतर बघू’ हा क्रम फसतो. ऑस्ट्रेलियातल्याच मिशेल स्टर्लिंग यांच्या गटाचा २०१९ सालचा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. अपघातात मान लचकलेल्या १०८ जणांपैकी निम्म्यांना फक्त व्यायाम दिला. उरलेल्यांना त्याच व्यायामासोबत फिजिओथेरपिस्टनीच ताण हाताळायचं शिक्षण दिलं. दुसऱ्या गटाची रोजची कामं वर्षभरानंतरही जास्त सुधारलेली होती.

पाचवी पायरी: आधी अंगाला ‘आत्ता’ मध्ये आणा

खुर्चीत बसा, पाय जमिनीवर टेकवा. नाकानं साधा श्वास घ्या आणि तोंडानं, गरम चहावर फुंकर घालतो तसा, लांब सोडा. आत घ्यायला तीन आकडे, सोडायला पाच-सहा. दोन मिनिटं पुरेत. दिवसातून चार वेळा करा, आणि मुख्य म्हणजे दुखत नसतानाही करा. आग लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

काहींना डोळे मिटले की प्रसंग समोर येतो, किंवा श्वासाकडे लक्ष दिलं की गुदमरतं. तसं होत असेल तर जबरदस्ती करू नका. डोळे उघडे ठेवा आणि आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या, तीन आवाज ओळखा, हातात गार पाण्याचा तांब्या धरा. ‘आज गुरुवार आहे, मी माझ्या घरात आहे, टेम्पो तेव्हा आला होता’ हे वाक्य मोठ्यानं म्हणा. सुरुवातीला अवघड वाटेल, तरी म्हणा.

झोपेसाठी उठायची वेळ रोज एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. दारूनं झोप लवकर लागते, पण पहाटे मोडते आणि स्वप्नंही वाढतात. या आजारात दारूची सवय फार पटकन जडते. घरच्यांनी याकडे वेळीच लक्ष द्यावं.

सहावी पायरी: हालचालीची शिडी

इथे घाई आणि आळस दोन्ही घात करतात. नेहमीचा घोळ असा: चांगला दिवस उगवला की माणूस तुंबलेलं सगळं काम उरकतो, मग तीन दिवस आडवा होतो, आणि ‘काम केलं की दुखतं’ हे मनात पक्कं बसतं. त्याऐवजी एक आठवडा मोजा: दुखणं फारसं न वाढता किती मिनिटं चालता येतं? समजा १५. मग १२ मिनिटांपासून सुरू करा. चांगल्या दिवशीही १२, वाईट दिवशीही १२. आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवा. घड्याळाचं ऐकायचं, दुखण्याचं नाही. व्यायाम झाल्यावर थोडं ठणकलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उतरलं, तर काहीही बिघडलेलं नाही.

भीतीचीही अशीच शिडी करायची. कागदावर टाळत असलेल्या गोष्टी लिहा आणि प्रत्येकीला शून्य ते शंभरमध्ये भीतीचा आकडा द्या. सर्वांत सोपीपासून सुरुवात. दूधवाल्याची शिडी अशी होती: उभ्या असलेल्या गाडीवर नुसतं बसणं (२०), अंगणात गाडी चालू करून मान डावी-उजवीकडे वळवणं (३०), गल्लीत फेरी (४०), खिडकीजवळ बसून अर्धा तास ट्रकचे आवाज ऐकणं (५०), दुपारी डेअरीपर्यंत जाणं (६५), पहाटे तोच रस्ता (९०). एका पायरीवर भीती निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं आणि तीच पायरी चार-पाच दिवस पुन्हा करायची. भीती टिपेला असताना पळून आलात, तर मेंदू ‘पळालो म्हणून वाचलो’ असं शिकतो. म्हणून पायरी छोटी निवडा, पण पुरी करा.

त्याला शिडीच्या चौथ्या पायरीवरच, खिडकीजवळ बसायलाच, तीन आठवडे लागले. पहिल्या दिवशी सात मिनिटांत घामानं शर्ट भिजला होता. शेवटच्या दिवशी तो खिडकीशी बसून डेअरीचा हिशेब लिहीत होता.

एक मर्यादा मात्र पाळा. शिडीवर जागा, आवाज, वाहनं, हालचाली घ्या. प्रत्यक्ष प्रसंगाची आठवण खणून काढायचं काम एकट्यानं करू नका. ते तज्ज्ञासोबत करायचं असतं. आघात हिंसेचा असेल आणि हिंसा करणारा अजून आसपास असेल, तर ही शिडी तुमच्यासाठी नाही. तिथे आधी सुरक्षितता.

सातवी पायरी: योग्य तज्ज्ञ शोधा

‘बोलून मन मोकळं करा’ एवढा सल्ला पीटीएसडीला पुरत नाही. पुरावा असलेल्या पद्धती ठरलेल्या आहेत. एडना फोआ यांच्या पद्धतीत आठवणीला आणि टाळलेल्या गोष्टींना टप्प्याटप्प्यानं सामोरं जातात. साधारण ८ ते १५ बैठका, प्रत्येकी सुमारे दीड तासाची. पॅट्रिशिया रेसिक यांची पद्धत सहसा १२ बैठकांची असते. ‘माझीच चूक होती’, ‘आता कुठेच सुरक्षित नाही’ अशा अडकून बसलेल्या विचारांवर तिचा भर आहे. तिसरी ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणीवर काम करणारी. आघातावर केंद्रित विचार-वर्तन उपचार (वरच्या पहिल्या दोन पद्धती याच प्रकारातल्या) आणि ईएमडीआर या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली केली.

दुखण्याच्या बाजूनंही मानसोपचारात नवं काही घडतं आहे. २०२४ साली अमेरिकेतल्या १२६ वयस्क माजी सैनिकांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. दाबून ठेवलेला राग, दुःख, अपराधीपणा ओळखून बोलून दाखवण्याचा उपचार ज्यांनी घेतला, त्यांच्यातल्या ६३ टक्के लोकांचं दुखणं किमान ३० टक्क्यांनी कमी झालं. नेहमीच्या विचार-वर्तन उपचारात हे प्रमाण १७ टक्के होतं. प्रयोग छोटा आहे आणि बहुतेकजण पुरुष होते, त्यामुळे हुरळून जाऊ नका. पण दुखण्याचं मूळ फक्त मणक्यात शोधणं किती अपुरं आहे, ते यातून दिसतं.

पहिल्या भेटीत स्पष्ट विचारा: मानसशास्त्रज्ञ असतील तर भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी आहे का? आघातावरच्या कोणत्या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलं आहे? किती बैठका लागतील? माझ्या फिजिओथेरपिस्टशी बोलाल का? नीट तज्ज्ञ या प्रश्नांनी चिडत नाही. कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभागाची चौकशी करा.

आठवी पायरी: गोळ्यांची यादी सगळ्यांना दाखवा

हाडांचे डॉक्टर वेगळे, मानसोपचाराचे वेगळे, आणि मेडिकलवाल्यानं दिलेली पट्टी तिसरीच. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या एकत्र घेतल्या तर गंभीर त्रास होऊ शकतो. म्हणून सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून प्रत्येक डॉक्टरांसमोर ठेवा.

आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात धसक्याच्या लक्षणांसाठी झोपेच्या-शांततेच्या बेंझोडायझेपाइन गटातल्या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे त्या सर्रास लिहून मिळतात. अफूच्या जातीच्या तीव्र वेदनाशामकांबद्दलही सावध राहा. इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या, दुखणं असलेल्या १,४१,०२९ अमेरिकी सैनिकांचा अभ्यास २०१२ साली आला. मानसिक आजार नसलेल्यांपैकी ६.५ टक्के लोकांना ही औषधं दिली गेली होती, पीटीएसडी असलेल्यांपैकी १७.८ टक्के लोकांना. ज्यांना जास्त धोका, त्यांनाच जास्त गोळ्या. तरीही चालू असलेलं कुठलंही औषध स्वतःहून एकदम बंद करू नका.

घरच्यांसाठी

‘विसर आता’ म्हणू नका, त्याला विसरता येत नाही हाच आजार आहे. ‘दाखव किती दुखतंय’ असं दर तासाला विचारूही नका. ताट हातात देणं, किटली उचलू न देणं हे मायेपोटी होतं, पण त्यानं माणूस अंथरुणाला खिळतो. त्यापेक्षा सोबत चाला. शिडीवरची पायरी झाली की तिची दखल घ्या. झोपेत ओरडला तर गदागदा हलवू नका. लांबून, नावानं हाक मारा आणि दिवा लावा.

नुकसानभरपाईची केस चालू असेल, तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी कागदपत्रं सांभाळावीत आणि त्याविषयी आठवड्यातून एकदाच बोलावं. कॅनडातल्या मायकेल सुलिव्हन यांच्या गटानं मान लचकलेल्या रुग्णांत पाहिलं, की ‘माझ्यावर अन्याय झाला’ ही भावना जितकी तीव्र, तितकी आघाताची लक्षणं जास्त टिकतात. अन्याय झालेला असतोच. त्यासाठी भांडायलाही हवं. फक्त रोज रात्री जेवणाच्या ताटावर तो विषय नको.

दुखणं पुन्हा उफाळलं तर

उफाळेलच. अपघाताची तारीख जवळ आली की, पेपरात तशीच बातमी वाचली की, कोर्टाची तारीख पडली की. त्यासाठी आधीच एक कार्ड लिहून पाकिटात ठेवा. दूधवाल्याच्या कार्डावर चार ओळी आहेत: ‘१. फुंकर, दोन मिनिटं. २. आजचा वार मोठ्यानं. ३. चालणं निम्मं, पण बंद नाही. ४. दोन आठवड्यांत उतरलं नाही तर ताईंना फोन.’

मान अजून दुखते त्याची, थंडीत जास्त. पहाटेच्या किटल्या मात्र तोच नेतो. गेल्या डिसेंबरात फोन आला होता, चौथ्या ओळीवरून. आम्ही शिडीच्या तिसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात केली.